अर्धा झाकलेला खडा

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार

सासरची अंगठी बोटात घालणाऱ्या माझ्या सख्यांनो, तुमची माझी तक्रार एकच आहे. आपल्या बोटात खडा चढतो आणि मग आपलं नशीब त्या खड्यात वाचलं जातं. वाचणारे सगळे, आपण सोडून. नवऱ्या मुलाच्या बोटातला खडा कुणी उजेडात धरून तपासल्याचं तुमच्या ऐकिवात आहे का?

हे भाषण मी आज वेसाव्यात करणार होते. विद्याधरने दंडाला धरून मला घरी आणलं, म्हणून ते इथे उतरलं आहे. नवरा म्हणून तो चांगला आहे, पण सभेत माझ्या शेजारी बसण्याच्या कामाचा नाही.

झालं ते असं. आमच्या सात बंगल्यावरच्या सोसायटीला सगुणा कित्येक वर्षं मासळी देते. तिच्या मुलीचा, मंजुळाचा, आज साखरपुडा होता. मुलगा जयवंत त्याच गावातला, घरच्या होडीवर जाणारा. दिसायला उमदा, बोलायला कंजूष. अंगठी त्याच्या आईने, रुक्मिणीबाईने, आणली होती घाटकोपरच्या चंद्रप्रकाश नावाच्या ज्योतिषाकडून. तो पत्रिकाही बघतो आणि खडेही विकतो. मंजुळाची रास धनू, साडेसाती चालू, म्हणून शनीचा खडा. रिवाजाप्रमाणे तो आधी तीन रात्री निळ्या फडक्यात बांधून मंजुळाच्या उशाखाली ठेवला होता. वाईट स्वप्न पडलं नाही, म्हणजे खडा लाभला.

मांडवात अंगठी घातली तेव्हा खडा कोकमाच्या सरबतासारखा होता. मी स्वतः बघितला. मग फोटोग्राफर म्हणाला, "इथे अंधार येतोय, मागे समुद्र घेऊ या," आणि त्याने दोघांना भर दुपारी वाळूवर नेऊन उभं केलं. हात पुढे, अंगठी दिसली पाहिजे. तो याची हनुवटी वर कर, तिचा पदर सारखा कर, असं करीत बसला आणि तेवढ्यात खड्याचा रंग उतरत गेला. फोटो संपेस्तोवर खडा राखेसारखा पांढुरका. आधी जयवंतच्या आत्याने बघितलं, मग सगळ्यांनी.

चंद्रप्रकाश पाहुणा म्हणून हजर होताच. त्याने हळहळून मान हलवली. "खड्याने झेपलं तेवढं घेतलं. मुलीचा शनी फार जड आहे."

रुक्मिणीबाईने ओटीचं भरलेलं ताट होतं तसं उचललं आणि म्हणाली, "लगीन थांबवा." मंजुळा हात पुढे धरूनच उभी होती. तिला हात खाली घ्यायला कुणी सांगितलंच नव्हतं.

लग्न अठ्ठावीस डिसेंबरला ठरलेलं आहे. नंतर पौष लागतो.

आम्हाला बसपर्यंत पोचवायला आलेल्या सगुणाने हेही सांगितलं की रुक्मिणीबाईचा नवरा तुफानात गेला, होडी परत आली, तो आला नाही. पण मुद्दा तो नाही. मुद्दा खड्याचा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगुणा आली. पाटीत बोंबील होते, पण तोंडात बोंबलांचा भाव नव्हता.

"बाय, रुक्मिणी बोलली, पौष लागायच्या आधी जयवंताचं लगीन लावनार. मंजुळाशी नाय झालं तर दुसरीशी. मढची एक पोरगी हाय."

"आणि जयवंत काय म्हणतो?"

"तो काय म्हननार? आईसमोर त्याचं तोंड शिवलेलं."

"सगुणा, रंग दिलेला दगड आहे तो. मी वाचलंय. दगड रंगात उकळतात आणि शनीच्या नावावर खपवतात. कच्चा रंग, उन्हात उडाला. मी सिद्ध करून दाखवते."

"भाषन करशील?"

"करीन."

"भाषन नको गो बाय," ती म्हणाली. "कायतरी कर."

अंगठी ती माझ्याकडेच ठेवून गेली. परत न्यायला रुक्मिणीकडून कुणी आलं नव्हतं. असली वस्तू घरात कोण घेणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून घाटकोपरला गेले. लबाड माणसाला समोरासमोर बघावं, मग भाषणाला धार येते. चंद्रप्रकाशने माझा फार हिरमोड केला. तो नम्र आहे, चहा मागवतो, आणि मी बोलत असताना खरोखर ऐकतो.

"ताई, रंग नाही हो. किशनगडचा दगड आहे. माझा मावसभाऊ तिथे संगमरवरात आहे, तो पाठवतो. खाणीत फोडला की आतून गुलाबी असतो."

"मग उन्हात पांढरा का होतो?"

"ग्रह खेचतो ना."

"आणि तुमच्या दुकानात का होत नाही?"

"दुकानात पेटीत असतो. घासून झाल्यावर खडा दमतो, फिका पडतो. मग त्याला महिनाभर बंद पेटीत तपाला बसवायचा. तप पुरं झालं की तेज परत येतं. माझ्या गुरूंनी सांगितलंय."

दगड तपाला बसतो. हे वाक्य मी भाषणासाठी टिपून ठेवलं आहे. टाळ्या इथेच पडतील.

निघताना त्याने माझी रास विचारली. मी सांगितली नाही. त्याने चेहऱ्यावरून वृश्चिक ओळखली. योगायोग.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाट लागली.

सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच ते सोयीने विसरेन. आज रुक्मिणीबाईच्या अंगणात सभा घेतली. सभा म्हणजे जाळी दुरुस्त करणारे आठ-दहा पुरुष, तेवढ्याच बायका, आणि मुद्दाम बोलावलेला चंद्रप्रकाश. मी कापूस आणि स्पिरिटची बाटली नेली होती. चंद्रप्रकाशने पेटीतून एक ताजा गुलाबी खडा काढून दिला. मी भाषण सुरू केलं. दगड तपाला बसतो यावर टाळ्या पडल्या नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलंच नाही. पेटीत ठेवलेली वस्तू पेटीत बसते, एवढंच त्यांनी ऐकलं.

मग मी नको ते बोलले. म्हणाले, "या कापसावर गुलाबी रंग उतरला नाही, तर मी, नलिनी सबनीस, याच माणसाकडून शनीची अंगठी घेऊन बोटात घालीन."

घासलं. कापूस पांढरा. आणखी स्पिरिट, आणखी जोर. कापूस पांढराच, वर माझ्या नखाचं लाल पॉलिश तेवढं त्याला लागलं. ते बघून एक म्हातारा म्हणाला, "रंग उतरला, बाईचा."

रुक्मिणीबाई हसली नाही. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला वाटलं होतं की काहीतरी निघेल, असं मला त्या नजरेत दिसलं, पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं.

शब्द दिला होता. चंद्रप्रकाशने माझ्या मापाची अंगठी दिली, तीही आदराने. बोटात घालून चालत बसपर्यंत आले. ऊन होतं. बस यायच्या आत खडा पांढरा.

मी तशीच धावत मागे गेले. "बघा, माझ्याही हातावर उतरला."

रुक्मिणीबाई म्हणाली, "तुझी रास काय?"

वृश्चिक. साडेसातीचा ऐन मध्य.

"मग तुझा बी शनी जड," ती म्हणाली आणि सुकटीला भरतीचं पाणी लागेल म्हणून ती उचलायला गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात सगळ्यांनी अंगठी पाहिली. अंधश्रद्धेवर माझं व्याख्यान ऐकलेली माणसं तीच. शिपायाने विचारलं, "बाई, गुण येतोय का?" घरी आले आणि कणीक मळायचं निमित्त करून अंगठी काढली. समोर दिसायला नको म्हणून साबुदाण्याच्या डब्यात टाकली. आमच्याकडे उपास कुणी करत नाही, तो डबा कोण उघडतो. मंजुळाची अंगठी मात्र गच्चीवर ठेवली आहे. तिच्यावर प्रयोग चालू राहतील.

शब्द मी मोडलेला नाही. कणीक रोजच मळावी लागते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग: अंगठी उन्हात ठेवली. फरक नाही, पांढरीच. दवात ठेवली. नाही. मिठाच्या पाण्यात बुडवली. नाही. एकदा पांढरा झालेला खडा आणखी पांढरा तरी किती होणार, असं विद्याधर म्हणाला. टीका करणं सोपं असतं.

एक गोष्ट मात्र समाधानाची. मंजुळा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओचे सुटे भाग जुळवायला जाते. परतताना ती रोज गच्चीवर चक्कर टाकून अंगठी बघून जाते. आणि आज जयवंतही आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "काकी, खडा बघायचा होता." या मुलाबद्दल माझं मत बदललं आहे. आईपुढे बोलत नसेल, पण त्याच्यात जिज्ञासा आहे. दोघं चांगला तासभर निरीक्षण करीत होती. मी चहा घेऊन वर जाणार होते, तर विद्याधर म्हणाला, "राहू दे, त्यांच्या निरीक्षणात व्यत्यय नको." त्यालाही विषयात थोडा रस वाटू लागलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

रुक्मिणीबाई मढला जाऊन मुलीची पत्रिका घेऊन आली. सगुणा सांगताना पाटीतली पापलेटं उगीचच उलटीपालटी करत होती. "एकवीस तारखेला बोलनी," म्हणाली.

लिहिते ते खरं लिहिते. आज मला वाटलं, मी बोलते ते कुणासाठी? माझी व्याख्यानं ऐकायला येतात ती माणसं आधीच माझ्या मताची असतात. पहिल्यांदा एका माणसाचं मत बदलायचं होतं, तर मी तिच्या अंगणात नखाचं पॉलिश उतरवून आले.

गच्चीवरची अंगठी खाली आणली. प्रयोग बंद. कपाटात ठेवली.

संध्याकाळी मंजुळा आणि जयवंत आले, सवयीने वर गेले. अंगठी खाली आहे हे सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

विद्याधर म्हणाला, "गच्चीवर काय बघतायत मग?"

मी म्हटलं, "नोंदी करत असतील."

४ डिसेंबर, गुरुवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझी नणंद क्षमा बोरिवलीहून न सांगता आली, आणि तिला महालक्ष्मीचा उपास. मी व्रतांवर बोलायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "वहिनी, भाषण नंतर, आधी खिचडी." साबुदाण्याचा डबा काढला. झाकण उघडलं. वर अंगठी. तिच्यात खडा गुलाबी.

गडद नाही, पहिल्यासारखा नाही, पण गुलाबी. फिकट, पाणी घातलेल्या कोकमासारखा.

आणि मी, इतकी वर्षं व्यासपीठावरून विवेकाचं नाव घेणारी, पहिल्या क्षणी मनात म्हणाले, माझा शनी उतरला.

हे वाक्य कुणाला दाखवणार नाही. पण खोडणारही नाही.

दुसऱ्या क्षणी आठवलं: बंद पेटी, महिनाभर तप. साबुदाण्याचा डबा म्हणजे बंद पेटीच. तिथे कुणाचा ग्रह होता? साबुदाण्याचा?

खिचडी करपली. क्षमाने तक्रार केली नाही, फक्त "शनी कुणाच्या स्वयंपाकघरात बसलाय ते कळलं," म्हणाली. मंजुळाची अंगठीही लगेच त्याच डब्यात ठेवली.

६ डिसेंबर, शनिवार

विद्याधर ट्रॉम्बेला नोकरीला आहे. तिथल्या खनिजांच्या विभागातले तुळशीदास नाईक आज जेवायला आले. त्यांनी अंगठी चिमटीत धरली, भिंगाने बघितली, सोलकढी प्यायले, पुन्हा बघितली.

"किशनगडचा म्हणालात? मग सोडालाईटच. हॅकमनाईट म्हणतात या जातीला. मी पुस्तकात वाचलाय, हातात आज आला."

"रंग कसला आहे?"

"स्वतःचाच. यात थोडा गंधक असतो. अंधारात राहिला की रंग भरतो, उन्हात धरला की सुटतो. पुन्हा अंधारात ठेवा, पुन्हा भरतो. कितीही वेळा. सगळे सोडालाईट असे नसतात हं. नेहमीचा निळा असतो, तो पक्का. लाजवर्द नावाच्या महागड्या निळ्या खड्याच्या जागी खपवतात तो. लाजवर्दात सोनेरी ठिपके असतात, याच्यात नसतात, एवढं बघायचं."

मग ते रंगले. हा दगड फेल्डस्पार या खनिजाच्या नात्यातला. पृथ्वीच्या पोटात शिलारस थंड होत असताना सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, पुरेशी असती तर याचा फेल्डस्पार झाला असता. कमी पडली, म्हणून हा झाला. आणि याच्यात सोडियम आहे, क्लोरीन आहे.

"म्हणजे मीठ?" मी विचारलं.

"मिठातले दोन्ही घटक, पण दगडात कोंडलेले. चव बघू नका."

"आणि अंगठीला चांगला?"

"अंगठीला वाईट. वाळूच्या कणाने ओरखडतो, रस्त्यावरची धूळही पुरते. लिंबू, चिंच, असलं काही आंबट त्याला चालत नाही. गळ्यातल्या पदकात घालावा, मण्यांत ओवावा. ज्या बाईला मासे साफ करायचेत तिच्या बोटात हा खडा म्हणजे दगडावर अन्याय."

वेसाव्यात हे सांगितलं तर काय होईल? रुक्मिणीबाई म्हणेल, अंधारात शनी झोपतो आणि उन्हात जागा होतो. तिचं म्हणणं मोडायला वेगळं काहीतरी हवं. ऊन आणि बोट यांची फारकत करता आली पाहिजे. एकाच बोटावर, एकाच खड्यात.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी विद्याधरने दाढी करताना गाल कापून घेतला आणि वर चिकटपट्टी लावली. दुपारी काढली तर पट्टीखालचा गाल गोरा आणि बाकीचा उन्हातल्या क्रिकेटने लाल. मी त्याच्या गालाकडे इतका वेळ बघत राहिले की तो लाजला.

मग मी धावत जाऊन माझ्या अंगठीतल्या खड्याच्या अर्ध्या भागावर पट्टी चिकटवली आणि गच्चीवर उन्हात ठेवली.

वर मंजुळा आणि जयवंत होते. आज रविवार असूनही.

थोड्या वेळाने पट्टी काढली. अर्धा पांढरा, अर्धा गुलाबी. मधे सरळ रेघ, फूटपट्टीने मारल्यासारखी. मी मंजुळाला मिठी मारली, जयवंतलाही मारली. दोघं आधीच इतकी आनंदात दिसत होती की माझ्या बातमीने आणखी काही भर पडली का, कळलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

घाटकोपर. चंद्रप्रकाशला अर्धा गुलाबी खडा दाखवला. त्याने तो दिव्याखाली धरून उलटसुलट केला.

"ताई, एक सांगू? तो पांढरा का होतो ते मला कधीच कळलं नव्हतं. गुरूंनी सांगितलं, मी पुढे सांगितलं. लोक विचारत नाहीत."

"रविवारी वेसाव्यात या. तुमची पेटी घेऊन, स्वतःच्या हाताने कुलूप लावून."

"माझ्या धंद्याचं काय होईल?"

मी अंगठी रुमालात गुंडाळायला लागले. त्याला शत्रू समजून मी इतकं काही तयार केलं होतं. शेवटी तोच म्हणाला, "येतो. मलापण बघायचंय."

१४ डिसेंबर, रविवार

सात पानांचं भाषण घेऊन गेले होते. रुक्मिणीबाईचं अंगण, तीच माणसं, आणि स्पिरिटवाल्या बाईचा पुढचा खेळ बघायला आलेली आणखी दुप्पट. मी पहिलं पान उघडलं, तोच सगुणा माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, आज तू गप ऱ्हा. एवढं माझ्यासाठी कर."

व्यासपीठावर गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आज बसले. पानांची घडी घालून त्यांच्यावरच बसले.

चंद्रप्रकाशने सावलीत पेटी उघडली. मी फक्त चिकटपट्टीचं रीळ आणि कात्री पुढे केली. खडा रुक्मिणीबाईने स्वतः निवडला. पट्टी तिने स्वतः लावली, आणि माझ्यावर भरवसा नाही म्हणून कडा नखाने दाबून बसवल्या. मग तळहातावर खडा ठेवून उन्हात जाऊन उभी राहिली. दुसरा खडा जयवंतच्या आत्याने घेतला, तिसरा त्या पॉलिशवाल्या म्हाताऱ्याने, चौथा चंद्रप्रकाशने, आणि पाचवा मंजुळाच्या हातावर दिला. पाच राशी, पाच तळहात, एक ऊन.

 म्हातारा मधेच म्हणाला, "माझा उतरला. मंग मी बी नवरीच." हसू पसरलं, पण रुक्मिणीबाईची मान खालीच होती.

"काढा आता," मी म्हटलं. एवढंच बोलले.

पाचही खडे अर्धे पांढरे, अर्धे गुलाबी. पाचही ठिकाणी मधे रेघ.

रुक्मिणीबाईने खडा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग म्हणाली, "शनी काय पट्टी बघून बसतो?"

अंगण फुटलं हसून. माझ्या सात पानांत एवढं चांगलं वाक्य एकही नव्हतं.

ती मात्र ओट्यावर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"जयवंताचा बापूस गेला ना, तवा त्याच्या बोटात बी खडा व्हता. निळा. शेवटपर्यंत निळाच व्हता, तसाच घालून गेला तो. त्या खड्याने मना काय सांगितलं नाय. हा बोलला. म्हनून मी म्हटलं, या वेळी आयकावं."

भीतीवर माझं एक पूर्ण पान होतं. उठताना ती घडी पर्समध्ये कोंबली होती, हाताला लागत होती. काढलं नाही.

सगुणा येऊन दुसऱ्या बाजूला बसली. "रुक्मिणी, समुद्राचं कोन सांगनार गो? तू सांगशील की मी सांगीन? माझा घरवाला बी रोज जातो. सांजेला होडी दिसेस्तोवर मी बी बंदरावरच असते. दोघी उभ्या ऱ्हाऊ."

रुक्मिणीबाईने डोळे पुसले. मग लेकाला हाक मारली. "जयवंता, तुना काय वाटतं ते बोल एकदा."

जयवंत म्हणाला, "मला गच्चीवरच कळलं होतं."

सगळे पुन्हा हसले. सगुणा तर पदर तोंडात कोंबून हसत होती. निरीक्षणातून निष्कर्ष काढला त्याने, यात हसण्यासारखं काय आहे? मंजुळा मात्र कानापर्यंत लाल झाली होती, आणि विद्याधर आकाशाकडे बघत होता.

"मढवाल्यांना निरोप धाडा," रुक्मिणीबाई आत्याला म्हणाली. "आनि ओटीचं ताट आन. तांदूळ नवे घाल."

चंद्रप्रकाश निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अंधारात परत येतो, हे नक्की ना? कितीही वेळा? मग मी पदकं करतो. पाटीवर लिहीन: उन्हात उतरणारा खडा. शनीचं नाव नाही."

मी म्हटलं, "चिंचेपासून जपायला सांगा."

२८ डिसेंबर, रविवार

लग्न लागलं. भर दुपारी, मांडवात, पौष लागायच्या आत.

मंजुळाची अंगठी चार तारखेपासून आमच्या साबुदाण्यात तपाला बसली होती. मी ती काळ्या फडक्यात गुंडाळून नेली. रुक्मिणीबाईने मांडवात सुनेच्या बोटात घातली, कोकमासारखी गुलाबी, आणि मोठ्याने सांगितलं, "आजच्यापुरती घाल. रोज घातलीस तर चिंचेच्या कोळात वाट लागेल दगडाची. उद्या पदक करून घेऊ." तुळशीदासांनी पुस्तकात वाचलेलं ती दहा पिढ्यांचं असल्यासारखं बोलली.

मग तिनेच फोटोग्राफरला हुकूम सोडला. "पोरांना उन्हात उभं कर. समुद्र मागं घे."

"परत?" तो घाबरला.

"परत."

सगळा गाव वाळूवर जमला. मंजुळाने हात पुढे धरला. खडा उतरायला लागला तशा बायका मोजायला लागल्या, पोरं ओरडायला लागली, आणि पांढरा झाल्यावर टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याही व्याख्यानाला इतक्या पडल्या नाहीत. मंजुळाने हात खाली घेतला नाही. जयवंतने तो धरला म्हणून खाली आला.

रुक्मिणीबाई मला पुढे ढकलत म्हणाली, "भाषनवाली बाय, बोल आता. पन थोडं."

सात पानं पर्समध्ये होती. काढली नाहीत. समोर सासवा होत्या, सुना होत्या, बोटाबोटांत खडे होते. मी एवढंच म्हटलं, आणि इथे तेच पुन्हा लिहून ही वही मिटते:

सख्यांनो, उद्या दुपारी घरातल्या सुनेच्या अंगठीतल्या खड्यावर अर्धी चिकटपट्टी लावा, तो उन्हात ठेवा, पट्टी काढून नीट बघा, आणि त्यानंतरच तिला काय बोलायचं ते बोला.